खडू, काळी माती आणि अजिंठ्याचा दगड: यांच्यातलं पाणी घरी मोजायची रीत

मे महिन्यातली दुपार होती, बाहेर 45 अंश, आणि मी ओटीजी (केक भाजायची छोटी भट्टी) लावून दगड भाजत बसले होते. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. ओट्यावरचा ट्रे पाहून म्हणाल्या, "काय जी मॅडम, गिट्टी भाजून राहिल्या का?" म्हटलं, हो, आणि पाचची सव्वाचार ग्रॅम झाली. काकू हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "मग बाकीची कुठं गेली?"

बाकीचं पाणी होतं. हाच दगड आठ दिवस गच्चीवर कुरड्यांच्या शेजारी पडून होता. कुरड्या तिसऱ्या दिवशी कडकड मोडायला लागल्या. दगडाचं वजन आठ दिवसांत 5.00 वरून 4.97 वर आलं, पुढे हललं नाही. नागपूरच्या मेमध्ये जे सुकत नाही, ते नुसतं ओलं नसतं. कुठेतरी अडकलेलं असतं.

मी एकोणतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. स्फटिकजल म्हणजे स्फटिकाच्या आत ठरलेल्या जागी बसलेलं पाणी, हे दरवर्षी फळ्यावर एका ओळीत लिहून पुढे गेले. ते हातातल्याच खडूत भरलेलं आहे आणि काट्यावर दिसतं, हे निवृत्त झाल्यावर घरी करून पाहिलं. ती रीत खाली देते आहे. हे सगळं एका दिवसात उरकायचं नाही. एखादा रविवार, पुढचा रविवार आणि मग जुलै, असं चालतं.

आधी सामान

खिशात मावणारा, 200 ग्रॅमपर्यंतचा, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा उपयोगाचा नाही. काटा खरं बोलतो का ते पाहायला ₹ चिन्ह असलेलं, 2011 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ठेवा, ते 3.79 ग्रॅमचं असतं. झिजलेलं एक-दोन शतांश कमी भरेल, तेवढं माफ. ओटीजी हवा, आणि त्यात ठेवायचा वेगळा थर्मामीटर हवाच. माझ्या ओटीजीचं बटण 150 वर असतं तेव्हा आत 175 असतात, आणि या 25 अंशांनी माझे दोन रविवार खाल्ले; ते पुढे सांगते. घट्ट झाकणाच्या चार लहान काचेच्या बाटल्या घ्या. खोलीतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

नमुने पाच: रांगोळी, पांढरा खडू, काळी माती, झिओलाइटचा (आतल्या बारीक बोळांत पाणी धरून ठेवणाऱ्या दगडाचा) एक तुकडा आणि फ्रिजच्या ड्रायरमधले मणी. झिओलाइटसाठी मी अजिंठ्याच्या पायथ्याशी फेरीवाल्याकडून घेतलेला पीच रंगाचा स्टिल्बाइट वापरला. मधे आवळून बांधलेल्या पेंढीसारखा दिसतो, त्यामुळे ओळखायला सोपा. फेरीवाला हिरवट चौकोनी स्फटिक देऊ लागला तर तो बहुधा अपोफिलाइट असतो. त्यातही पाणी असतं, पण तो झिओलाइट नव्हे.

वजनाचा एकच नियम पाळा, बाकी सगळं चुकलं तरी चालेल: गरम वस्तू काट्यावर ठेवायची नाही. तिच्याभोवतीची हवा तापून वर जाते आणि पारड्याला उचलते, आकडा खोटाच कमी येतो. आणि गार करायला उघड्यावरही ठेवायची नाही, कारण भाजलेला झिओलाइट गार होता होताच हवेतलं पाणी प्यायला लागतो. म्हणून भाजलेला नमुना चिमट्याने तडक बाटलीत, झाकण घट्ट, अर्धा तास थांबायचं, आणि बाटलीसकट तोलायचं. रिकामी बाटली आधी तोलून तिच्यावर आकडा लिहून ठेवायचा. पंखा बंद. कूलर तर बंदच, त्या खोलीत वजन करूच नका. बाहेर आर्द्रता 18 टक्के आणि कूलरच्या खोलीत 60, अशा दोन हवांत एकच दगड दोन वेगळी वजनं दाखवतो.

एकदा तासभर भाजलं, तोललं, पुन्हा अर्धा तास भाजलं, तोललं. दोन्ही आकडे सारखे आले की त्या तापमानाचं काम संपलं. प्रयोगशाळेत याला स्थिर वजन म्हणतात, आणि पोरं याच पायरीला कंटाळून आकडा मनाने लिहितात. इतक्या वर्षांत मला तो मनाने लिहिलेला आकडा लांबूनही ओळखू यायचा.

रांगोळी आणि खडू

रांगोळी घ्यायची ती नुसती ताळा करायला. माझ्याकडची रांगोळी लिंबाच्या रसात फसफसते, म्हणजे कार्बोनेट. कण टणक, आत पोकळी नाही. 5.00 ग्रॅम 110 ला 4.99, 230 ला 4.99. तुमची रांगोळी जास्त घटली तर दोष काट्यात किंवा बाटलीच्या झाकणात शोधा.

आता खडू. आधी त्याच्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर तो चुन्याच्या जातीचा, बाजूला ठेवा. नाही फसफसला तर जिप्सम: प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओतलेलं. जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात, वजनाच्या 20.9 टक्के. हातात कोरडा ठणठणीत वाटणाऱ्या खडूचा पाचवा हिस्सा पाणी असतं. मी आयुष्यभर फळ्यावर पाणीच घासत होते म्हणायचं.

खडू मोडून, जाडसर कुटून, एक दिवस उन्हात ठेवा, म्हणजे भोकांमधलं साधं पाणी निघून जाईल. मग 10.00 ग्रॅम तोलून 140-150 वर तीन तास. दोनापैकी दीड रेणू जातात, वजन 15.7 टक्क्यांनी उतरतं. मला शेवटी 8.45 मिळाले, म्हणजे 15.5 टक्के. शाळेच्या खडूकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

पण पहिल्या दोन रविवारी मला 19 टक्क्यांच्या आसपास आले होते. पुस्तकातल्या कुठल्याच पायरीशी जुळेना. कारण तेच 25 अंश: उरलेला अर्धा रेणूही निघायला लागला होता. गंमत अशी की ती भुकटी बशीत उघडी राहिली, आणि वजन आपोआप चढून पुन्हा 15-16 टक्क्यांच्या घटीवर येऊन थांबलं. हा शेवटचा अर्धा रेणू खडूच्या स्फटिकातल्या बारीक नळ्यांमध्ये राहतो. नळ्या जागेवर राहतात, म्हणून तो हवेतून परत येऊ शकतो. पहिले दीड रेणू मात्र स्फटिकाच्या भिंतीचाच भाग असतात; ते गेले की भिंत पडते, नवी रचना होते. त्यांना परत आणायचं तर चमचाभर पाणी ओतून कालवावं लागतं. कालवा. दहा-पंधरा मिनिटांत वाटीत दगड तयार होतो आणि वाटी कोमट लागते.

तेव्हा या दोन पाण्यांतला फरक लक्षात ठेवा. एक घराची वीट आहे, दुसरं घरातलं बिऱ्हाड. यापुढचं सगळं बिऱ्हाडाबद्दल आहे.

काळी माती: पापुद्र्यांत शिरणारं पाणी

आमचं घर मानेवाड्याला, 1998 सालचं. कुंपणाच्या भिंतीखाली मुरूम भरायचा ठेकेदाराने सांगितला होता, भरला नाही. तेव्हापासून भिंतीत तिरपी भेग आहे. मेच्या शेवटी तिच्यात रुपयाचं नाणं उभं आत जातं, ऑगस्टमध्ये पोस्टकार्डही जात नाही. मी दरवर्षी तारीख घालून लिहिते. ठेकेदाराला दाखवायला नव्हे, तो कधीच गेला. आता मला त्या भेगेची सवय झाली आहे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. हे खनिज चिरोट्यासारखं, पापुद्र्यावर पापुद्रा. एक पापुद्रा सुमारे 1 नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्यांवर थोडा ऋणभार असतो, तो भागवायला मधे कॅल्शियम, सोडियमचे आयन, म्हणजे धनभार असलेले अणू, बसलेले असतात. पाण्याचा रेणू साधारण 0.28 नॅनोमीटरचा. तो या आयनांकडे ओढला जातो, ऑक्सिजनची बाजू आयनाकडे करून, आणि पापुद्रे उचलून आत शिरतो. पूर्ण कोरडं असताना एका पापुद्र्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर 0.96 नॅनोमीटर असतं. पाण्याचा एक थर शिरला की सुमारे 1.25, दुसरा शिरला की 1.5. मधलं अंतर टप्प्याटप्प्याने वाढतं, सरसकट नाही, कारण रेणूचे तुकडे पडत नाहीत. कॅल्शियम असेल तर दोन-तीन थरांवर थांबतं. सोडियम जास्त असेल तर पापुद्रे एकमेकांना सोडूनच देतात, आणि तीच माती पावसाळ्यात बुटाला किलोकिलोने चिकटते.

आपल्या मातीचा फुगवटा मोजायची सोपी परीक्षा भारतीय मानकात आहे, आयएस 2720 चा भाग 40. माती 110 वर रात्रभर सुकवा, कुटा, वस्त्रगाळ करा. मानकात 425 मायक्रॉनची चाळणी सांगितली आहे. माझं काम मैद्याच्या चाळणीने आणि जुन्या मलमलने भागलं. 10-10 ग्रॅमचे दोन वाटे करा. 100 मिलीच्या दोन मोजपात्रांत टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. काडीने ढवळून बुडबुडे काढा आणि चोवीस तास हात लावू नका. राशनचं रॉकेल आता कुठलं मिळायला, मी रंगाच्या दुकानातून तारपीन आणलं. त्याने मानकाचा शिक्का मिळणार नाही, पण समजायचं ते समजतं.

रॉकेल कशाला? कारण त्याच्या रेणूला धन-ऋण टोकं नाहीत. आतल्या आयनांना त्याच्यात काही रस नाही, म्हणून ते पापुद्र्यांच्या मधे शिरत नाही, नुसतं कणांच्या भोवती भरतं. ओलं दोन्हीकडे झालं, पण फुगली एकच, ती पाण्यातली. माझ्या अंगणातली माती तारपिनात 11 मिलीवर बसली आणि पाण्यात 19 वर. 19 वजा 11 म्हणजे 8, भागिले 11, गुणिले 100: फुगवटा सुमारे 73 टक्के. 50 च्या वर गेलं की बांधकामवाला शहाणा असेल तर विचारात पडतो. आमचा नव्हता.

एक सांगायचं राहिलं. तारपीन लागलेली माती ओटीजीत पुन्हा सुकवायला जाऊ नका, पेट घेईल. कुंडीतही टाकू नका.

घरी अंगण नसेल तर मुलतानी माती घ्या, तीही याच कुळातली. चेहऱ्यावर लावल्यावर सुकताना कातडी ओढल्यासारखी होते ना, ते याच पाण्याचं जाणं.

दगड: जिथे भिंत हलत नाही

1756 मध्ये अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने एक स्फटिक ज्योतीत धरला, तर तो खदखदून फुगला. त्याने ग्रीकमधून नाव जोडलं: झिओ म्हणजे उकळणं, लिथोस म्हणजे दगड. उकळणारा दगड. अजिंठ्याचा स्टिल्बाइट त्याच घराण्यातला.

नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर आहे; सीताबर्डीची टेकडी त्याचीच. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात बुडबुडे राहिले, पुढे गरम पाण्याने त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. रस्त्याच्या कामाला आलेल्या गिट्टीत पांढरे ठिपके दिसतात ते हेच. प्रत्येक पांढरा ठिपका मात्र झिओलाइट नसतो. लिंबाच्या रसात फसफसला तर कॅल्साइट. खिळ्याने ओरखडाच उठेना तर गारेच्या (क्वार्ट्झच्या) जातीचा. दोन्ही नाही, ओरखडा उठतो आणि मोत्यासारखी चमक आहे, तर आशा ठेवा.

खरी परीक्षा परीक्षानळीत होते. ठिपका खरवडून चिमूटभर चुरा कोरड्या नळीत घाला. नळी आडवी, तोंड किंचित खाली झुकवून धरा, म्हणजे निघालेलं पाणी उलट वाहत येऊन तापलेली काच तडकवणार नाही. चुऱ्याखाली ज्योत द्या आणि नजर नळीच्या गार टोकाकडे ठेवा. आधी काच धुरकट होते, मग धुक्याचे बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि एक थेंब ओघळून तोंडाशी लोंबकळतो. माझी नात सातवीत आहे. तिने तो थेंब बोटावर घेतला आणि वास घेतला. म्हणाली, "आजी, याला कशाचाच वास नाही." कॅल्साइटचा चुरा असा थेंब देत नाही.

अख्खी गिट्टी थेट गॅसवर ठेवू नका. मी ठेवली होती. फटकन आवाज आला, तिचा कपचा उडून कढईच्या झाकणाला टवका पडला. बंद पोकळीतलं पाणी वाफ होऊन वाट काढतं, त्याला आपली कढई दिसत नाही. कुटायचं तेही जाड फडक्यात गुंडाळून, नाकाला रुमाल बांधून, आणि मिक्सरमध्ये मुळीच नाही. गारेची धूळ फुप्फुसाला वाईट.

स्टिल्बाइटचं वजन मात्र सावकाश करा. 5.00 ग्रॅम तांदळाच्या कणीएवढा कुटलेला. उन्हात 4.97. मग 110 अंशांवर 4.78. मग 230 वर, तीन तासांनी, 4.29. रासायनिक सूत्रावरून स्टिल्बाइटमध्ये पावणेअठरा टक्के पाणी असतं, म्हणजे 5 ग्रॅममध्ये जवळजवळ 0.89, त्यातलं 0.71 घरच्या ओटीजीने काढलं. हे आकडे ओळीने मांडले की दिसतं, एकाच दगडात सुटायला सोपं आणि कठीण असं वेगवेगळं पाणी आहे. आतमध्ये सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी असते. चिरोट्यासारखी उघडत नाही, ती दगडी खिडकीच्या जाळीसारखी. जाळीच्या बोळांत कॅल्शियम-सोडियमचे आयन आणि त्यांच्या भोवती पाण्याचे रेणू. जो रेणू कॅल्शियमला ऑक्सिजनने धरून आहे आणि दोन्ही हायड्रोजन जाळीच्या ऑक्सिजनकडे वळवून बसला आहे, तो शेवटी उठतो.

उघड्या पाण्यात एक रेणू शेजारच्या चारांशी हायड्रोजन बंध जोडतो, क्षणात तोडतो, दुसरे जोडतो. या बोळात चार शेजारी मावतच नाहीत. बर्फाची जाळी विणायला जागा लागते, ती मिळत नाही, म्हणून इथलं पाणी गोठायचंही विसरतं. सिलिका जेलच्या (बुटांच्या खोक्यातल्या पुडीत असतात त्या मण्यांच्या) दोन-तीन नॅनोमीटरच्या छिद्रातलं पाणी घरच्या फ्रीझरच्या उणे 18 ला बर्फ होत नाही. मातीच्या भांड्याची छिद्रं त्याहून शेकडो पटींनी मोठी, तिथे नेहमीचाच बर्फ होतो आणि फुगतो. मी भिजवलेली पणती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून पाहिली; सकाळी तिची कड सुटून हातात आली.

पन्ना ज्याचा प्रकार आहे त्या बेरिल खनिजातली गोष्ट तर शिकवायच्या वयात मला माहीत असती तर मी अख्खा तास खर्ची घातला असता. त्यातल्या नळ्या जेमतेम अर्धा नॅनोमीटर रुंद, पाण्याचा एकेकटा रेणू आत कोंडलेला. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रॉनच्या मदतीने दाखवलं की अतिशीत तापमानाला त्या रेणूचे हायड्रोजन एका जागी नसतात, सहा सारख्या जागांवर एकाच वेळी पसरलेले असतात. हे ओट्यावर होत नाही, म्हणून सांगून सोडते.

आता उलटी वाट. 230 वर थांबलेला स्टिल्बाइट बशीत उघडा ठेवून द्या. मेमध्ये ठेवलात तर सावकाश चढतो. जुलैत, आर्द्रता 85 असताना, पाचव्या दिवशी माझ्या नमुन्याने 4.86 गाठले. त्यातलाच एक तुकडा मी लाल होईपर्यंत ज्योतीत धरला होता, तो महिनाभरात जेमतेम चार शतांश चढला. जाळीच कोसळली होती, बिऱ्हाड परत येणार कुठे?

ड्रायरचे मणी

फ्रिजमध्ये गॅस भरायला मेकॅनिक येतो तेव्हा तांब्याची एक जाड नळकांडी कापून नवी जोडतो. तिला ड्रायर म्हणतात. त्यात झिओलाइटचे मणी असतात. गॅसमध्ये पाण्याचा अंश राहिला तर बारीक नळीत त्याचा बर्फ होऊन फ्रिज बंद पडतो, म्हणून ही राखण. जुना ड्रायर तेलकट असतो, तो नको. बर्डीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून पंधरा ग्रॅमचा नवा, दोन्ही टोकं बंद असलेला घ्या, आणि घरी आल्यावरच पाइप कटरने कापा. मणी लगेच बाटलीत. दुकानदार विचारील कुठला फ्रिज आहे, काहीही सांगा.

या मण्यांच्या छिद्रांचं तोंड साधारण 0.3 नॅनोमीटर. पाणी मावतं, फ्रिजचा गॅस मावत नाही. अशाच मण्यांनी इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढतात. ऊर्ध्वपातनाने इथेनॉल 95-96 टक्क्यांवर अडतं. त्याचा रेणू 0.44 नॅनोमीटरचा, तो दारातच थांबतो आणि पाणी आत जातं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल असं कोरडं करता येतं. झिओलाइट दगडातूनच काढावा लागतो असंही नाही. आपल्या कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या कोळशाच्या राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना दोन्ही असतात. अशा राखेपासून झिओलाइट करण्यावर इथल्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत काम झालेलं आहे.

प्रयोग असा. स्टीलच्या चमच्यात दहा मणी घ्या, कान जवळ न्या, ड्रॉपरने पाच थेंब सोडा. सूंऽऽ असा आवाज येतो, मण्यांतून हवेचे केसासारखे बारीक बुडबुडे निघतात, आणि चमच्याची दांडी गरम होते. तळहातावर करू नका. मूठभर घेऊन तर नाहीच. मी बाटलीत 10 ग्रॅम मण्यांवर 3 मिली पाणी ओतलं तेव्हा पारा 31 वरून 70 च्या पुढे गेला. पाणी आत शिरताना जी उष्णता सोडतं, तीच बाहेर काढताना ओटीजीला भरून द्यावी लागते. म्हणून मणी पुन्हा कोरडे करायला 230-250 वर चार तास, आणि सिलिका जेलला 120 पुरे. निळं सिलिका जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. पांढरं किंवा नारिंगी घ्या.

हा फरक नागपूरच्या हवेतही दिसतो. 2 नॅनोमीटर रुंद छिद्रात हवेतलं बाष्प 35 टक्के आर्द्रतेलाच पाणी होऊन भरायला लागतं, 20 नॅनोमीटरच्या छिद्राला 90 लागतात. मेच्या दुपारी आर्द्रता 20 च्या खाली, म्हणून माझं सिलिका जेल गच्चीवर ठेवूनच बरंचसं सुकलं. ड्रायरचे मणी त्याच ताटात, त्याच उन्हात, एवढ्या कोरड्या हवेतूनही पाणी पीत होते आणि वजनाने वाढत गेले. गच्चीवर वाळत घालून जड होणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

काकूंच्या मुलाने बेसा रोडला प्लॉट घेतला आहे. परवा तो माती घेऊन आला, हल्दीरामच्या डब्यात, वरवरची, मुळं आणि शेणखतासकट. परत पाठवला. तुम्हीही वरची माती तपासू नका. पाया जिथे टेकणार तिथली हवी, निदान मीटरभर खालची, दोन-तीन जागची वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीवर खोली आणि तारीख. दुसऱ्यांदा त्याने नीट आणली. मोजपात्रं कालपासून ओट्यावर आहेत. तारपिनातली माती 12 वर थांबली आहे. पाण्यातली रात्री 20 वर होती, सकाळी 23 वर. चोवीस तास भरायला अजून तीन तास आहेत.